मदत हवी आहे : सोसायटीतील हवा-मापक यंत्राच्या नोंदी ग्राह्य कशा धरल्या जातील?

पुण्यात आमच्या सोसायटीजवळ मोठे बांधकाम आणि काँक्रीट मिश्रणाचा प्रकल्प सुरू असून धुळीमुळे ज्येष्ठांना व दम्याच्या मुलांना फार त्रास होत आहे, म्हणून आम्ही वर्गणी काढून लेझरवर चालणारे एक स्वस्त मापक गच्चीवर बसवले आहे. पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतील २.५ मायक्रॉनपर्यंतच्या अतिसूक्ष्म कणांसाठी, २४ तासांच्या सरासरीची राष्ट्रीय मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, आणि आमच्या नोंदी ती अनेकदा ओलांडतात.

मात्र या आकड्यांवर कितपत विसंबावे, हा प्रश्न आहे. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि असे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते. उलट बांधकामाची धूळ बरीच जाडसर असते आणि नेमकी तीच, म्हणजे पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) मधील मोठे कण, या यंत्रांच्या मोजणीतून पुष्कळशी निसटते. माझ्या मते आमच्या तक्रारीच्या दृष्टीने ही दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे.

एखाद्या अधिकृत हवा-मापन केंद्राशेजारी आमचे यंत्र काही दिवस ठेवून तुलना करायची असेल, तर परवानगी कोणाकडे मागावी? गच्चीऐवजी खालच्या मजल्यावर, श्वासाच्या उंचीजवळ ते बसवणे योग्य ठरेल का? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशा नोंदींसह कोणी अर्ज केला असल्यास, सोबत वाऱ्याची दिशा, छायाचित्रे वगैरे काय जोडले होते, हे कृपया सविस्तर कळवावे.