मूकपटांतले कसरती वैमानिक: हिशेबी कारागीर की जिवावर उदार जुगारी?

नभोवेडा (धागाकर्ता)

मूकपटांसाठी विमानं उडवणाऱ्या, पाडणाऱ्या लोकांवर ‘वेडे धाडसी’ असा एकच शिक्का मारला जातो. मला तो साफ अमान्य आहे. यातले जे टिकले ते हिशेबी होते म्हणून टिकले.

कसरती वैमानिक डिक ग्रेस घ्या. १९२७ च्या ‘विंग्ज’ या युद्धपटासाठी टेक्ससमध्ये सॅन अँटोनिओ परिसरात त्याने कॅमेऱ्यासमोर ठरलेल्या जागी विमानं पाडली. पाडायच्या विमानाची तयारी दुरुस्तीपेक्षा किचकट. पंखांचे आणि चाकांच्या आधाराचे ठरावीक खांब आधीच करवतीने अर्धवट कापायचे, म्हणजे ते हवे तिथे आणि हव्या क्रमाने मोडतात. कॉकपिटभोवतीचा सांगाडा उलट मजबूत करायचा. टाकीत फेरीपुरतंच पेट्रोल, तोंडासमोर येणाऱ्या टोकदार वस्तू काढून गादी, आणि कमरेच्या जोडीला खांद्यांवरून पट्टे.

हे कशासाठी, ते आकड्यांतच पाहा. ताशी ९६ किमी म्हणजे सेकंदाला साधारण २७ मीटर. हा वेग एका मीटरात संपला तर शरीरावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ३६-३७ पट ताण येतो. तीन मीटरांत संपला तर १२ पट. पंख आणि चाकं मोडताना मिळतं ते हेच जादा अंतर. जुगारी माणूस करवत घेऊन बसत नाही.

याउलट २ ऑगस्ट १९२० ला ‘द स्कायवेमन’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात कसरती वैमानिक ऑर्मर लॉकलियर आणि त्याचा जोडीदार मिल्टन इलियट गेले. लॉस एंजेलिसमध्ये रात्री प्रकाशझोतात गिरक्या घेत खाली यायचं होतं. विमान तेलविहिरींच्या मनोऱ्यांजवळ आलं की दिवे बंद होणार आणि मग तो विमान सावरणार, असं ठरलं होतं. विमान सावरलंच नाही. दिवे वेळेवर गेले नाहीत आणि त्याचे डोळे दिपले, असंच बहुतेक जण मानतात. म्हणजे घात झाला तो त्याच्या हाताबाहेरच्या, खालच्या माणसाच्या हातातल्या गोष्टीने.

लाकूडतोड्या

नभोवेडा, ग्रेसच्या करवतीचं कौतुक मलाही आहे, पण त्याच ‘विंग्ज’मध्ये त्याची मान मोडली, ते तुम्ही गाळलंत. फॉकर डी-सेव्हन हे जर्मन लढाऊ विमान पाडताना चाकांचा सांगाडा ठरल्याप्रमाणे कोसळला नाही. तुमचाच हिशेब लावा: जे मोडून अंतर द्यायचं ते मोडलं नाही, तर सगळा धक्का पट्ट्यांवर आणि मानेवर येतो. धड पट्ट्यांनी जागीच अडतं, डोकं पुढे जातं.

हे अपवादाने घडलं असंही नाही. लाकडी खांब किती कापल्यावर किती भाराला तुटेल, हे गाठी, ओल, सरस आणि लाकडाच्या वयावर अवलंबून असतं. धातूचा भाग असेल तर आतला जोड बाहेरून दिसतच नाही. आणि चाचणी कशी घेणार? विमान एकदाच पडतं. पुलाचा अभियंता नमुना मोडून पाहतो, इथे नमुना म्हणजेच प्रत्यक्ष काम. ज्या हिशेबाचा पडताळा घेता येत नाही त्याला मी अंदाज म्हणेन. अनुभवी माणसाचा अंदाज, पण अंदाजच.

शिवाय कॅमेरे आधीच रोवलेले. विमान त्यांच्या चौकटीत, ठरलेल्या मीटरभर इकडेतिकडे पडलं तरच उपयोग. वाऱ्याचा झोत आडवा आला तर शहाणा वैमानिक पुन्हा फेरी मारेल. पण तो उतरणीचा शेवटचा टप्पा ओलांडला की कापलेल्या खांबांचं विमान घेऊन पुन्हा वर जाणं हेच मोठं संकट.

कॅमेरा_कळ

लॉकलियरच्या प्रसंगात एक मुद्दा दोघांनीही सोडलाय. ते दृश्य रात्री घ्यायची गरजच नव्हती.

आधीचा बेत दिवसा लाल फिल्टर लावून घ्यायचा होता. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पँक्रोमॅटिक फिल्मवर लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, आकाश काळवंडतं आणि उन्हात चमकणारं विमान उठून दिसतं. प्रिंट निळ्या रंगात रंगवली की प्रेक्षक त्याला रात्र समजत. मूकपटांत ही पद्धत सर्रास होती. खरी रात्र हवी, हा आग्रह लॉकलियरचा. स्टुडिओने तो मानला आणि त्याची जाहिरातही केली. पुढे खऱ्या अपघाताचं चित्रणही चित्रपटात ठेवलं.

फिल्मची मर्यादा खरोखर कुठे आड येत असे, तेही सांगतो. निळ्यालाच जास्त संवेदनशील असलेल्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर निळं आकाश पांढरंफटक उतरे आणि ढग नाहीसे होत. ढगांशिवाय विमानाचा वेग कळत नाही. मागे काहीच सरकत नाही, त्यामुळे ताशी दीडशेने जाणारं विमान टांगल्यासारखं दिसतं. दिग्दर्शक विल्यम वेलमनने ‘विंग्ज’मध्ये ढगांसाठी दिवसच्या दिवस थांबून ठेवलं आणि स्टुडिओचा रोष ओढवून घेतला. तो खर्च मला योग्य वाटतो, कारण वाट पाहिल्याने कुणाचा जीव जात नाही. ढग नसले की वेग दाखवायचा दुसरा मार्ग एकच: जमिनीजवळून, झाडं-घरांच्या पार्श्वभूमीवर उडणं. धोका तिथे वाढतो.

नभोवेडा

कॅमेरा_कळ, फिल्टरचा मुद्दा मान्य. तरीही माझं म्हणणं असं की रात्रीचा तो बेत अशक्य नव्हता. लॉकलियरचं जेनी विमान गिरकीतून काढायची रीत ठरलेली: इंजिन मंद, गिरकीच्या उलट रडर (शेपटीचं सुकाणू), नियंत्रणाचा दांडा पुढे. फिरणं थांबलं की रडर सरळ, मग खाली सूर मारणाऱ्या विमानाला हळूहळू वर. त्याला हे झोपेतही जमलं असतं. दिवे ठरल्याप्रमाणे गेले असते तर तो वाचला असता.

रातांधळा

इथे मी ठाम विरोध करतो. दिवे अगदी वेळेवर गेले असते तरी ती योजना चुकीची होती.

प्रखर उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. पहिल्या काही सेकंदांत माणूस जवळपास आंधळाच असतो, आणि खाली येणाऱ्या विमानाकडे तेवढेच सेकंद उरलेले असतात. दिवे विझले की मी कुठे आहे ते मला कळेल, हा त्याचा भरवसा डोळ्यांच्या घडणीशीच विसंगत होता. क्षितिज दिसत नाही. कानातलं तोल सांभाळणारं द्रव्य गिरकीनंतर खोटं सांगतं, फिरणं थांबलं तरी उलटं फिरल्यासारखं वाटतं. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक झपाट्याने खाली येताना मागे राहतो, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. तिन्ही चुका एकाच दिशेने, जमिनीकडे नेणाऱ्या.

उपाय त्या काळातही होता. दिवसा तालमी करून एका गिरकीला किती उंची जाते ते मोजायचं. मग गिरक्यांची संख्या ठरवायची आणि दिवे असोत-नसोत, त्या आकड्यावर बाहेर पडायचं. शेवटचा अर्धा भाग वेगळा चित्रित करून संकलनात जोडायचा. मूकपटात तोडून जोडणं नवीन नव्हतं.

लाकूडतोड्या

नभोवेडा, तुमच्या ‘हाताबाहेरच्या गोष्टी’ला खरं उदाहरण ‘हेल्स एंजल्स’मध्ये आहे, आणि ते वैमानिकाचं नाही. चित्रपट १९२७ मध्ये मूकपट म्हणून सुरू झाला, नंतर बोलपट झाला. २२ मार्च १९२९ ला अल विल्सन एक मोठं सिकॉर्स्की विमान जर्मन बाँबर म्हणून गिरकीत घालत होता. मागे धडात मेकॅनिक फिल जोन्स काजळीचा धूर सोडत बसला होता. विमान हाताबाहेर गेलं, विल्सनने इशारा करून पॅराशूटने उडी घेतली. जोन्स आतच राहिला आणि गेला.

इंजिनांच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही, धुरात हात दिसत नाही. कॉकपिटमधून मागच्या माणसाच्या मनगटापर्यंत एक दोरी ओढली असती तर इशारा नक्की पोचला असता. किंवा धुराची झडप तारेने वैमानिकाच्याच हाती द्यायची, म्हणजे मागे माणूस बसवायलाच नको. लॉस एंजेलिसच्या ‘थर्टीन ब्लॅक कॅट्स’ या कसरतपटूंच्या गटाच्या दरपत्रकात विमान झाडावर किंवा घरावर आदळवण्याचे १,२०० डॉलर आणि हवेत स्फोट करून पॅराशूटने उतरण्याचे १,५०० डॉलर होते. हे दर उडवणाऱ्याच्या धोक्याचे. मागे धुराजवळ बसणाऱ्याच्या धोक्याचा दर कुणी लावला होता? तुमचा हिशेब तिथून सुरू करा, मग ‘हिशेबी’ शब्दाला मी हरकत घेणार नाही.