एमएचटी-सीईटी : प्रॉबॅबिलिटीची शाब्दिक उदाहरणं कशी सोडवायची?

बारावीची_पालक :
मुलगी यंदा सीईटीला बसतेय. सूत्रं पाठ आहेत, पण उदाहरण शब्दांत आलं की कुठलं सूत्र लावायचं इथेच गाडी अडते. 'अ‍ॅट लीस्ट वन' आणि बेजच्या प्रमेयाची (निकाल दिसल्यावर तो कशामुळे आला असेल याची संभाव्यता काढायची) उदाहरणं जास्त चुकतात. गणिताला ५० प्रश्न, ९० मिनिटं; एकेक प्रश्न तीनदा वाचायला वेळ नसतो. काय पद्धत बसवावी?

खडूफळा :
ताई, सूत्राकडे वळण्याआधी कच्च्या कागदावर तीन गोष्टी लिहायची सवय लावा: एकूण किती, काढले किती, परत ठेवले की नाही. त्याखाली नेमकं काय विचारलंय ते एका ओळीत.

आता 'किमान एक'. पेटीत ५ लाल, ४ निळे, ३ हिरवे चेंडू. एकदम ३ काढले. किमान एक लाल असण्याची संभाव्यता?

बहुतेक मुलं असं करतात: ५ लालमधून १ निवडला, उरलेल्या ११ मधून कुठलेही २. म्हणजे ५ × ५५ = २७५. पण १२ मधून ३ निवडण्याचे प्रकारच २२० आहेत! उत्तर १ च्या वर गेलं. कारण दोन लाल असलेली प्रत्येक निवड यात दोनदा मोजली जाते आणि तीन लाल असलेली तीनदा. आकडे लहान असले की हीच चूक उत्तर १ च्या आत ठेवते आणि मग लक्षातही येत नाही, म्हणून कारण समजून घेणं फार गरजेचं आहे.

बरोबर वाट उलटी: एकही लाल नाही, म्हणजे उरलेल्या ७ मधून ३, म्हणजे ३५ प्रकार. १ − ३५/२२० = ३७/४४. 'किमान एक' दिसलं की आधी 'एकही नाही' काढायचं.

शून्यलब्धी :
वरच्याशी सहमत. त्याच पेटीतली दुसरी नेहमीची चूक: २ लाल आणि १ निळा. एकेक करून काढले तर ५/१२ × ४/११ × ४/१० = २/३३. हे फक्त लाल-लाल-निळा या क्रमाचं झालं. निळा पहिला, दुसरा किंवा तिसरा येऊ शकतो, म्हणून ३ ने गुणा: २/११. क्रम धरायचा तर अंशात आणि छेदात दोन्हीकडे धरा, नाहीतर दोन्हीकडे सोडा.

बेजसाठी सूत्र बाजूला ठेवा आणि १००० वस्तू धरा. यंत्र 'अ' ६०% माल बनवतं, त्यातला २% सदोष. 'ब' ४०%, त्यातला ५% सदोष. म्हणजे ६०० पैकी १२ सदोष, ४०० पैकी २०. सदोष निघालेली वस्तू 'ब'ची असण्याची संभाव्यता २०/३२ = ५/८. घाईत मुलं ५% हेच उत्तर समजतात. ते 'ब'ची वस्तू सदोष असण्याचं आहे, प्रश्न बरोबर उलटा आहे. 'इफ इट इज फाउंड', 'गिव्हन दॅट' या शब्दांपुढे जे येतं तो छेद, एवढं पेन्सिलीने अधोरेखित केलेल्या सरावातून पक्कं होतं.

बारावीची_पालक :
खूप धन्यवाद दोघांनाही. अजून एक: दोन विद्यार्थी स्वतंत्रपणे उदाहरण सोडवतात, संभाव्यता १/२ आणि १/३. उदाहरण सुटण्याची संभाव्यता तिने ५/६ काढली.

खडूफळा :
नुसती बेरीज फक्त दोन्ही घटना एकत्र घडूच शकत नसतील तेव्हा. इथे दोघांनाही उदाहरण सुटू शकतं, त्याची संभाव्यता १/६, आणि बेरजेत ती दोनदा आली. 'स्वतंत्र' आणि 'परस्पर अपवर्जी' (एकत्र घडूच न शकणाऱ्या) घटना यांतली गल्लत आहे ही. पुन्हा उलटी वाट: दोघांनाही न सुटणं १/२ × २/३ = १/३, म्हणून उत्तर २/३.

वेळेचं म्हणाल तर प्रश्नामागे १ मिनिट ४८ सेकंद येतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्या तीन गोष्टी कागदावर उतरल्या नाहीत तर खूण करून पुढे जावं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा शेवटी कोरा प्रश्न एकही ठेवायचा नाही.