पहिलारू घोडी शिंगराला लुचू देत नाही, लाथ मारते

भीमाकाठ_पागा
मारवाडी घोडी, वय साडेचार, पहिलंच वेत. रात्री अडीचला व्यायली. शिंगरू पाऊण तासात उभं राहिलं. तिने हुंगलं, थोडं चाटलंही. पण ते कासेकडे वळलं की किंचाळते, पाय उचलते, दोनदा लाथही मारली. कास ताठ आणि गरम लागते. गड्याने शिंगरू बाहेर नेऊन कोमट पाण्याने धुतलं आणि ओला पेंढा काढून कोरडा टाकला. आता साडेपाच झालेत. चीक पोटात गेला नाही, वारही (गर्भाभोवतीची झिल्ली) लोंबतेच आहे. शिंगरू वेगळं ठेवून बाटलीने पाजू का? गाईच्या वासरावर मीठ-कोंडा टाकतात, तसं केलं तर? डॉक्टर म्हणाले, आठपर्यंत येतो.

माळरान
वेगळं ठेवू नका, पण चीक लगेच पाजा. आतड्यातून चिकातली प्रतिपिंडं पहिल्या सहा ते आठ तासांत चांगली शोषली जातात, २४ तासांनी ती वाट बंद होते.

घोडी भिंतीला लावून उभी करा. एकाने म्होरकी धरायची, खुंटीला आवळून बांधायची नाही. दुसऱ्याने कास कोमट ओल्या फडक्याने पाच मिनिटं शेकायची आणि अंगठा व दोन बोटांनी पिळायची. सड लहान असतात, मुठीत येत नाहीत. जमलं नाही तर ६० मिलीची नवी सिरिंज घ्या, सुईकडचं टोक कापा, दट्ट्या कापलेल्या बाजूने घाला आणि दुसरं गुळगुळीत तोंड सडाला लावून हलकेच ओढा. २५० मिली निघाला तरी दोन कामं होतात : शिंगराला चीक मिळतो आणि कासेचा ताण उतरतो. पुष्कळदा तेवढ्यानेच घोडी उभी राहते.

३५ किलोच्या शिंगराला पहिल्या आठ तासांत एक ते दीड लिटर लागतो, दर तासाला २५० मिली. बाटली कासेच्या उंचीला धरा, मान वर करून पाजू नका. चोखत नसेल तर तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. आणि हे सगळं घोडीच्या कुशीजवळ, तिला शिंगराचा वास येत असताना करा.

टापांचा_वैद्य
वर लिहिलेलं बरोबर. पण आधी वार. घोडीची वार तीन तासांत पडायला हवी. तुमचे तीन तास झालेत, म्हणजे डॉक्टरांना आत्ताच परत फोन करा. तोवर ओढू नका, कापू नका. पायात येऊ नये म्हणून तिची गाठ मारून मागच्या गुडघ्यांच्या वर बांधून ठेवा. अडकलेल्या वारेमुळे गर्भाशयात विष पसरतं आणि घोडी खुरांनी अधू होऊ शकते. शिवाय पोटात कळा असलेली घोडी शिंगराला जवळ करत नाही.

आता ओळखीचं. पहिल्या काही तासांत घोडी शिंगराला मुख्यतः वासाने ओळखते, आणि तो वास त्याच्या अंगावरच्या गर्भजलाचा असतो. तुमच्या गड्याने नेमका तोच धुऊन टाकला. काढलेला पेंढा उकिरड्यावर असेल तर स्वच्छ, ओला भाग आणून शिंगराच्या पाठीला आणि शेपटीच्या मुळाशी चोळा. मीठ-कोंड्याने ती चाटेल कदाचित, पण कास दुखते म्हणून लाथ मारणारी घोडी मिठाने लाथ थांबवत नाही.

तुमचं वर्णन मला दुखण्याचंच वाटतं. पहिलारूने किंचाळणं, पाय उचलणं, ढुसण्या बसल्यावर शिंगराच्या पुठ्ठ्याला हलका चावा घेणं हे चालतं. कान मागे पाडून चालून जाणं, मानेला किंवा पाठीला धरून उचलणं, आपटणं, हे खरं नाकारणं. तसं झालं तर त्याच क्षणी मध्ये आड घाला. फ्लुनिक्सिन (वेदनाशामक), ऑक्सिटोसिन (वार पाडायला), शांत करायचं इंजेक्शन, सगळं डॉक्टरांच्या हातून. कासेतून गुठळ्या किंवा पाणचट स्राव येत असेल तर तेही सांगा.

पेंढा_आणि_ओट
थोडा वेगळा मुद्दा. शिंगराचं डोकं धरून सडाला लावायची घाई फार होते. फ्रान्समध्ये घोड्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक हाउसबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रयोग मांडला होता. पहिल्यांदा लुचताना माणसांनी धरून सडाला लावलेली शिंगरं पुढे आईशी नीट जुळली नाहीत, आईलाच जास्त चिकटून आणि बुजरी राहिली. शिवाय शिंगराला आई कोण हे पक्कं व्हायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ते हलणाऱ्या कुठल्याही मोठ्या आकाराच्या मागे जातं, गड्याच्याही. तेव्हा तबेल्यात दोन माणसं, बाकी सगळे बाहेर.

टापांचा_वैद्य
मान्य, पण तीन तास उलटल्यावर थांबता येत नाही. मधला मार्ग असा : डोकं धरायचं नाही. बोट चोखायला द्यायचं, चोखू लागलं की बोट सडाकडे न्यायचं, दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याला नुसता आधार. लाथेची भीती असेल तर शिंगराच्या बाजूचा पुढचा पाय कुणीतरी उचलून धरावा.

माळरान
रात्रीसाठी भिंतीला समांतर, घोडीच्या कुशीच्या मध्याच्या उंचीला एक जाड, गुळगुळीत वासा बांधा. घोडी आत, शिंगरू बाहेर, वाशाखालून कास गाठता यावी. दुखण्यामुळे लाथ असेल तर साधारण एक-दोन दिवसांत वासा काढता येतो. ओळीने चार-पाच वेळा शांतपणे पाजलं की मगच काढा, आणि पहिल्यांदा माणूस शेजारी ठेवून.

भीमाकाठ_पागा
डॉक्टर निघालेत. चीक निघतोय, पहिला पाव लिटर गेला. पुढे दूध कमी पडलं तर गाईचं चालेल? साखर घालून?

टापांचा_वैद्य
साधी साखर नको. शिंगराला ती पचवता येत नाही, हगवण लागते. दोन टक्क्यांच्या आसपास फॅटचं गाईचं दूध, लिटरला २० ग्रॅम डेक्स्ट्रोज (ग्लुकोज). आज रात्री आठ ते अडीचच्या दरम्यान शिंगराच्या रक्तातला आयजीजी (चिकातून आलेली प्रतिपिंडं) तपासून घ्या. डेसीलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर हवा, ४००च्या खाली आला तर प्लाझ्मा (रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव) द्यावा लागतो, आणि ती सोय कुठे होईल हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.