मदत हवी आहे: उत्क्रांतीवरून दिरांशी वाद, मुद्दा हातात राहतच नाही

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीला, मोठे दीर ठाण्यात नौपाड्याला. मुलगा दहावीत, स्टेट बोर्ड. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. भाऊजींनी तो चाळला आणि मुलाला म्हणाले, “परीक्षेपुरतं लिही, खरं धरू नकोस.” झालं, तेव्हापासून दर भेटीत हेच.

“माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी?” याला उत्तर दिलं. आजच्या माकडापासून कोणीच झालं नाही. आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा. “भाऊजी, तुम्ही आहात म्हणून वाशीचे तुमचे चुलतभाऊ गायब झाले का?” यावर हसले आणि लगेच पुढच्या मुद्द्यावर गेले. सीबीएसईने हा धडा उगाच काढला का म्हणे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांती गेली हे खरंय, पण बारावीच्या जीवशास्त्रात आख्खा धडा आहे. ते ऐकूनच घेत नाहीत.

मला खरं अडायला होतं ते पुढे. खाडीवरच्या रोहित पक्ष्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “हा कायम रोहितच होता ना?” मी सांगितलं की पूर्वी त्याला करकोच्यांच्या किंवा बदकांच्या जवळचा मानत, जनुकं तपासल्यावर सर्वांत जवळची नातलग निघाली तळ्यातली इवलीशी टिबुकली. तर म्हणे, “बघ, यांचं रोज बदलतं!” पुरावा मिळाला म्हणून मत बदललं, हाच त्यांच्या लेखी खोटेपणाचा पुरावा. इथे काय बोलायचं?

आणि चहा संपता संपता: “हे सगळं आपल्या दशावतारात आधीच आहे. मत्स्य, कूर्म, वराह...” अहो, आत्ता तर खोटं होतं! तोंडावर आलं होतं, पण मुलासमोर थोरल्या दिरांना कसं बोलणार? शिवाय सासूबाईंची श्रद्धा आहे, त्यांना दुखवायचं नाही.

तर पुरावे माझ्याकडे आहेत. एका वेळी एकाच मुद्द्यावर त्यांना कसं थांबवायचं आणि दशावतारावर सौम्यपणे काय म्हणायचं, ते कोणी अनुभवातून सांगेल का? मुलगा मराठी माध्यमाचा, त्याला झेपेल असं मराठीतलं व्याख्यान किंवा पुस्तक माहीत असेल तर तेही सुचवा.

“सोडून द्या हो” कृपया लिहू नका. रविवारी ते जेवायला येतायत.