सल्ला हवा: .३२ पिस्तुलासाठी सरावाच्या आणि जवळ बाळगायच्या गोळ्या

रावेरचा_केळीवाला:
नमस्कार मंडळी. केळीचा व्यापार आहे, सीझनमध्ये रोकड घेऊन रात्री-बेरात्री बऱ्हाणपूर रोडने यावं लागतं म्हणून लायसन काढलं आणि दोन महिन्यांपूर्वी .३२ पिस्तूल घेतलं. ट्रेनिंग झालं, पण गोळ्यांबद्दल तिथं कुणी खोलात गेलं नाही. डीलरकडून खडकीच्या (सरकारी कारखान्याच्या) ५० आणल्यात. सरावाला आणि कमरेला एकच गोळी चालते का वेगळी घ्यावी? मित्र म्हणतो इंपोर्टेड हॉलो पॉइंट (टोकाला खड्डा असलेली गोळी) शोध, त्याशिवाय .३२ मध्ये दम नाही. वडील म्हणतात मिळालंय ते नीट सांभाळ.

भुसावळचे_नाना:
वडिलांचं ऐक भो. हॉलो पॉइंट अंगात गेल्यावर फुलते म्हणून खोल जात नाही, आणि .३२ ची ७१ ग्रेनची (साधारण साडेचार ग्रॅमची) गोळी मुळातच हलकी. फुलली तर वरवर राहते, नाही फुलली तर साध्या गोळीसारखीच वागते, मग जास्तीचे पैसे कशाला. दुसरं, .३२ च्या पुंगळीची (दारू भरलेल्या पितळी नळकांड्याची) मागची कड जराशी बाहेर असते. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची कड खालचीच्या मागे गेली की दोन्ही अडकतात, मग स्लाइड कितीही ओढ, मॅगझिन उतरवल्याशिवाय सुटत नाही. हॉलो पॉइंट लांबीला आखूड, तिला आत सरकायला जागा मिळते, म्हणून ही भानगड तिच्यात जास्त. रात्री रस्त्यावर हे झालं तर संपलंच ना.
एक मात्र ध्यानात ठेव, तांब्याच्या कव्हरची साधी गोळी पत्र्याच्या शेडमधून आरपार जाते. तुमच्याकडे बागेत मजुरांच्या झोपड्या असतात, पलीकडे कोण आहे दिसत नसेल तर ट्रिगरला बोट नाहीच.
आणि बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेश! लायसनवर क्षेत्र महाराष्ट्रच आहे का पूर्ण भारत, ते आधी बघ.

धुळ्याची_नेमबाज:
दादा, नानांशी सहमत. ५० पैकी ३० रेंजवर मारा, मॅगझिन पूर्ण भरून, कारण गोळी अडकायची तर भरलेल्या मॅगझिनमध्येच अडकते. एकदाही अडकली नाही तर उरलेल्यातल्या कमरेला. पुढच्या वेळी डीलरकडे डब्यावरचा लॉट नंबर बघून एकाच लॉटच्या घ्या. वर्षाला किती मिळणार ते लायसनवर लिहिलेलं असतं, त्यामुळे रोजचा सराव डमी राऊंडवर (दारू नसलेल्या नकली गोळ्यांवर), घरी, भिंतीकडे तोंड करून, आणि खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत. मी पहिलं वर्ष नुसता ट्रिगर ओढण्यात घालवलं, हात त्यानेच बसला.
चाप ओढला आणि वाजलीच नाही तर नळी समोरच धरून ३० सेकंद थांबायचं. फुसका आवाज आला तर लगेच थांबा, पिस्तूल रिकामं करा आणि नळीतून उजेड दिसतो का ते तपासा, गोळी आत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी मारली तर नळी फाटते.

जामनेर_तात्या:
माझ्याकडे कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, त्यात पिस्तुलाची गोळी बसते. चालेल का?

भुसावळचे_नाना:
तात्या, बसते म्हणून मारू नका! रिव्हॉल्व्हरची गोळी वेगळी, लांब पुंगळीची, ९८ ग्रेन शिशाची, कमी प्रेशरची. पिस्तुलाच्या गोळीचं प्रेशर बरंच जास्त असतं, जुन्या सिलिंडरला झेपत नाही.

रावेरचा_केळीवाला:
मी रोज रात्री पिस्तूल रिकामं करतो आणि सकाळी तीच वरची गोळी परत चेंबरमध्ये. चालतं ना? आणि गाडीच्या डॅशबोर्डात ठेवली तर?

भुसावळचे_नाना:
दोन्ही चुकतंय. तीच गोळी पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आपटली की पुढचं टोक, म्हणजे बुलेट, पुंगळीत आत दबते, मग प्रेशर वाढतं. रोज वेगळी गोळी वर घे. आणि डॅशबोर्ड? आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५, बंद गाडीत किती होईल विचार कर, शिवाय गाडीत टाकून जाणं म्हणजे चोराला आमंत्रण. घरात कुलूपबंद, कोरड्या जागी. गोळ्यांना तेल लावू नको, मागच्या टोपीतून (जिच्यावर पिन आपटते ती) आत मुरतं आणि गोळी मरते.

रावेरचा_केळीवाला:
आत्ता टेबलावर सगळ्या ओळीत उभ्या केल्या. ती रोजची गोळी बाकीच्यांपेक्षा नखाच्या कडेएवढी ठेंगणी दिसतेय, बाजूला काढली. लायसनवर क्षेत्र फक्त महाराष्ट्र आहे. उद्याच कलेक्टर ऑफिसला जातो, तोवर बऱ्हाणपूरला पिस्तूल न घेता जाईन. त्या गोळीचं काय करू?

भुसावळचे_नाना:
मारू नको, ठोकून पाहू नको, कचऱ्यात तर मुळीच नाही. वेगळ्या डबीत ठेव, डीलरकडे जमा कर आणि नोंद करून घे.