मदत हवी आहे : थंडीत सकाळी डिझेल गाडी स्टार्ट होत नाही

गाडी 2010 ची डिझेल जीप, साधा मेकॅनिकल पंप, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल सिस्टिम) नाही. रनिंग 2 लाख 10 हजार किमी. मुक्काम परभणीजवळ, गाडी रात्री उघड्यावर पत्र्याखाली असते.

पारा 10 च्या खाली गेला की पहाटे चार-पाच सेल्फ मारावे लागतात. धूर पांढराफट, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास. चालू झाल्यावर मिनिटभर एका सिलेंडरवर मिस मारते, मग सुतासारखी सरळ. दुपारी अर्ध्या सेल्फवर चालू.

बॅटरी दोन महिन्यांची आहे, अर्थिंग घासून घेतलं, डिझेल फिल्टर बदलला, ऑइल 15डब्ल्यू40. हातपंपाने डिझेल चढवूनही फरक नाही, म्हणजे लाइनीत हवा नसावी. हीटर प्लग (थंड इंजिन चालू व्हावं म्हणून सिलेंडरमध्ये तापणारे) काढून थेट बॅटरीवर लावले : तीन लालबुंद, चौथा नुसता कोमट. शिवाय डॅशवरचा हीटरचा दिवा विझला की प्लगच्या पट्टीवरचा करंट लगेच शून्य होतो.

मिस्त्री म्हणतो पंप-नोझल उतरवू. मला ते पटत नाही. दुसऱ्याने एअर फिल्टरमध्ये इंजिन चालू करायचा ज्वलनशील स्प्रे मारायला सांगितला. हीटर प्लगच्या गाडीत तो भडकतो, म्हणून तो नको. पासिंग आत्ताच पाच वर्षांचं करून घेतलंय, त्यामुळे ‘विकून टाका’ही नको!

चारही प्लग एकदम बदलू की एकच? दिवा विझल्यावरही प्लग थोडा वेळ तापत राहायला हवेत का, म्हणजे रिले-टायमर (प्लगना करंट किती वेळ द्यायचा ते ठरवणारा) गेलाय? की आधी कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) तपासून घेऊ?