मदत हवी आहे: मेसच्या खाड्यांचं अ‍ॅप करायचंय, कोडिंग येत नाही, प्रोटोटाइप (कच्चा नमुना) कसा करू?

ताटवाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यात शास्त्री रस्ता, नवी पेठ, सदाशिव पेठ या पट्ट्यातल्या मेससाठी अ‍ॅप करायचं डोक्यात आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे आगाऊ भरतात. गावी जाताना खाडा (‘या जेवणाला मी नाही’) सांगतात, पण तो कधी काउंटरवरच्या वहीत, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी नुसता तोंडी. महिनाअखेरीस मेसवाल्या काकूंची वही एक सांगते आणि मुलगा दुसरंच.

दोनच गोष्टी हव्या आहेत. सभासदाने खाडा टाकायचा (दुपारचा सकाळी १० पर्यंत, रात्रीचा संध्याकाळी ५ पर्यंत) आणि आज किती ताटं वाढायची हे काकूंना दिसायचं. मला एक्सेल बरं येतं, कोडिंग शून्य.

१. आधी फिग्मात (पडद्यांची चित्रं काढायचं साधन) स्क्रीन काढू की थेट नो-कोडमध्ये (कोड न लिहिता बनवायची साधनं) उतरू?
२. ओटीपी लॉगिन आणि पैसे भरण्याची सोय प्रोटोटाइपमध्ये लागते का?
३. प्ले स्टोअरवर टाकावं लागेल का?
४. की हे सगळं सोडून सरळ डेव्हलपर गाठू?

गावठी_यूएक्स

चौथ्याचं उत्तर आधी देतो: आत्ता नको. डेव्हलपर पहिल्याच बैठकीत जे विचारेल ते तुमचंच अजून ठरलेलं नाही. ‘सलग दोन दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाही’ असा नियम बऱ्याच मेसमध्ये असतो, तुमच्या अ‍ॅपमध्ये तो कुठे बसतो? १० वाजून २ मिनिटांनी टाकलेल्या खाड्याचं काय करायचं? असे प्रश्न कागदावर फुकट सुटतात. कोड लिहून झाल्यावर दर प्रश्नाचं बिल येतं.

फिग्माच्याही आधी कागद घ्या. ए-फोर उभा दुमडून चार भाग केले की फोनच्या आकाराचे चौकोन मिळतात. पाचच स्क्रीन काढा. सभासदाच्या तीन: आजचा दिवस, खाडा टाका, माझा हिशेब. काकूंच्या दोन: आजची ताटं आणि सभासदांची यादी. प्रोफाइल, सेटिंग्ज, नोटिफिकेशनची घंटा वगैरे काढायचा मोह आवरा. त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

मग पाच मुलांपुढे ठेवा. ‘अ‍ॅप आवडलं का?’ असं विचारू नका, पुण्यातसुद्धा समोरासमोर लोक हो म्हणतात. काम द्या: ‘शुक्रवारी रात्रीपासून रविवारी दुपारपर्यंत तू गावी आहेस. खाडा टाक.’ आणि गप्प बसा. बोट कुठे अडखळतं तेवढं टिपा.

एक चूक हमखास होईल म्हणून आत्ताच सांगतो. प्रत्येक जेवणापुढे चालू-बंद करायचं बटण ठेवाल. ते चालू असलं तर जेवण चालू की खाडा चालू? निम्मी मुलं एक समजतील, निम्मी दुसरं. बटण काढून टाका आणि वाक्य लिहा: ‘शुक्रवार रात्र: जेवणार नाही.’ शेवटी पावती दाखवा: ‘४ जेवणांचा खाडा नोंदला: शुक्र रात्र, शनि दुपार, शनि रात्र, रवि दुपार.’ महिनाअखेरीचं भांडण या एका ओळीवर मिटतं किंवा पेटतं, म्हणून सगळी मेहनत इथे घाला.

कागदावर जमलं की फिग्मा. फुकट खातं पुरतं. फ्रेम (पडद्याची चौकट) ३६० बाय ८०० पिक्सेलची, बोटाने दाबायची प्रत्येक जागा किमान ४८ बाय ४८, मजकूर १६ च्या खाली नको. स्क्रीन एकमेकींना प्रोटोटाइप टॅबमधून जोडा, सुरुवातीची फ्रेम ठरवा आणि लॅपटॉपवर न दाखवता फिग्माच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये उघडा. माउसने सगळंच सोपं वाटतं, अंगठ्याने दाबताना खरं कळतं. साध्या जोडणीत फिग्माला काही लक्षात राहत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. शुक्रवार निवडला म्हणून हिशेबातला आकडा आपोआप वाढणार नाही. त्यामुळे ठरवलेल्या एकाच कामाचा रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण काढा, बाकी बटणं मुकी राहू द्या.

साधा_माणूस

अ‍ॅप कशाला पण? गूगल फॉर्मची लिंक मेसच्या ग्रुपवर पिन करा. नाव, तारीख, दुपार की रात्र. उत्तरं शीटमध्ये पडतात. झालं.

ताटवाटी

फॉर्म भरल्यावर पुढे-मागे ‘माझे किती खाडे झाले’ हे मुलाला कसं दिसणार? भांडण तिथेच आहे ना.

तीन_कॉलम

साधा_माणूस यांचा मुद्दा एवढ्यात उडवू नका. पहिला आठवडा तर फॉर्मही नको. मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवरच कळवू द्या, तुम्ही हाताने शीटमध्ये भरा आणि १० वाजून ५ मिनिटांनी काकूंना आकडा पाठवा. पडद्यामागे माणूस आहे हे कोणाला कळण्याचं कारण नाही. काकू त्या आकड्यावर विश्वास ठेवून कणीक कमी भिजवतात का, तेवढं बघा. भिजवत नसतील तर अ‍ॅपचा अर्धा उपयोग तिथेच गेला, आणि खर्च शून्य.

भिजवत असतील तर दुसरा टप्पा: गूगल शीट आणि तिच्यावरून कोडशिवाय अ‍ॅप बनवून देणारं अ‍ॅपशीट. अ‍ॅपशीट गूगलचंच आहे, २०२० मध्ये त्यांनी ते विकत घेतलं. प्रोटोटाइप १० जणांपर्यंत फुकट वापरता येतो. म्हणजे काकू, तुम्ही आणि आठ मुलं. प्रत्येकाला ईमेलवरून बोलवायचं. अँड्रॉइड फोन आहे म्हटल्यावर जीमेल असतोच, पण पासवर्ड आठवत नाही, त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.

आता शीटची मांडणी. एक्सेल येणारे लोक बहुतेक इथेच घसरतात. वहीसारखे ३१ कॉलम आखून त्यात ‘खा’ लिहायचं नाही. अ‍ॅपसाठी एक ओळ म्हणजे एक घटना. आडवे दिवस मांडलेत तर महिना बदलला की कॉलम बदलतात आणि अ‍ॅप मोडतं.

‘सभासद’ शीट: क्रमांक, नाव, ईमेल, फोन, सुरू तारीख, संपते तारीख. ‘खाडा’ शीट: नोंद क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख, जेवण (दुपार किंवा रात्र), नोंदवल्याची वेळ, कोणी नोंदवला. एका जेवणाचा खाडा म्हणजे एक ओळ. तीन पूर्ण दिवसांचा खाडा म्हणजे सहा ओळी. ‘पासून-पर्यंत’ अशी एकच ओळ ठेवायचा मोह होईल, भरायला ती सोपी आहेच. पण मधल्या एका दिवशी मुलगा परत आला की तिचे दोन तुकडे करावे लागतात, आणि ते नो-कोडमध्ये करताना घाम फुटतो.

ताटांचा हिशेब मग एका वजाबाकीचा: चालू सभासद ८५, आज दुपारचे खाडे ११, ताटं ७४. ताटाला चार पोळ्या धरल्या तर २९६. काकूंना ७४ पेक्षा २९६ जास्त कामाचा आहे, तोच मोठा दाखवा.

बिघडतं कुठे:

नोंद क्रमांकाच्या कॉलमला सुरुवातीची किंमत म्हणून युनिक-आयडी हे सूत्र द्या. अ‍ॅपशीट कधीकधी ओळीचा क्रमांकच किल्ली (ओळीची ओळख) म्हणून घेतं. कोणी शीट सॉर्ट केली की याचा खाडा त्याच्या नावावर.

शीटच्या सेटिंगमध्ये लोकेल (तारीख लिहायची देशाची पद्धत) भारत करा, अ‍ॅपमधल्या तारखेच्या कॉलमचंही तपासा. अमेरिकेचं राहिलं तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिलऐवजी ४ मार्च होतो. १२ तारखेनंतर चूक दिसते, त्याआधी मुकाट्याने घडत राहते.

फोन नंबरचा कॉलम साधा मजकूर ठेवा, नाहीतर सुरुवातीचा शून्य किंवा अधिकचं चिन्ह गायब.

एकाला दुसऱ्याचे खाडे दिसू नयेत म्हणून सिक्युरिटी फिल्टर लावा: ओळीतल्या सभासदाचा ईमेल आणि उघडणाऱ्याचा ईमेल एकच असेल तरच ती ओळ फोनवर जाईल. काकूंच्या ईमेलला त्यातून सूट द्या. नुसती स्लाइस (यादीची गाळणी) करून लपवलेली ओळ पडद्यावर दिसत नाही, पण फोनमध्ये उतरलेली असते.

आणि वेळ. १० ची मर्यादा फोनच्या घड्याळावर तपासली जाते. घड्याळ मागे करणारा सापडेलच, पण तो दुर्मीळ. नेहमीचा प्रकार वेगळा: तळघरातल्या अभ्यासिकेत रेंज नाही, मुलाने ९:५५ ला खाडा टाकला, सिंक झाला (शीटमध्ये पोचला) १०:४० ला. कोणती वेळ धरायची? ‘काकूंकडे पोचली ती’ असं ठरवलंत तर पडद्यावर ‘अजून पोचला नाही’ असं ठळक दिसलं पाहिजे. हा नियम तुमचा आणि काकूंचा, सॉफ्टवेअर तो ठरवून देणार नाही.

कन्सोलग्रस्त

प्रश्न २ आणि ३ बद्दल.

ओटीपी: प्रोटोटाइपमध्ये नको. अ‍ॅपशीटमध्ये गूगल लॉगिन आहेच. नुसतं दाखवायचं असेल तर फायरबेसमध्ये (गूगलची लॉगिन वगैरेची तयार सेवा) चाचणीचे १० पर्यंत खोटे नंबर आणि त्यांचे ठरलेले कोड टाकता येतात, एसएमएस जातच नाही. खरे ओटीपी भारतातल्या एसएमएस पुरवठादाराकडून पाठवायचे तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) तिन्हींची नोंदणी लागते. टेम्प्लेटपेक्षा मजकूर थोडा वेगळा असला तरी मेसेज अडतो.

पैसे: काकूंचा काउंटरवरचा यूपीआय क्यूआर आहे तोच राहू द्या. ‘पैसे मिळाले’ ही खूण काकूंनी हाताने करायची, स्वतःच्या बँकेत जमा बघून. मुलाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा) घेतलात तर केवायसी, वेबसाइट, परतावा धोरण असं सगळं मागे लागतं. आणि मेसचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवायचे तर अजिबातच नको.

प्ले स्टोअर: अ‍ॅपशीटचा प्रोटोटाइप अ‍ॅपशीटच्याच अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चालतो, स्टोअर लागत नाही. पुढे लागलंच तर डेव्हलपर खात्याचे एकदाच २५ डॉलर. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी क्लोज्ड टेस्टिंग (बोलवलेल्या लोकांतच चाचणी) करावं लागतं: १२ जण, सलग १४ दिवस. पूर्वी २० लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२. एखाद्याने मध्येच नाव काढलं तर संख्या घसरते, म्हणून १२ हवेत तर १८ बोलवा. अ‍ॅपलचे वर्षाला ९९ डॉलर, ते तूर्त विसरा.

अनुस्वार

यूएक्सवाल्यांनी मराठीबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार. इंग्रजीच्या मापाची ओळ ठेवली की ‘र्की’चा माथा किंवा ‘द्धू’चं पाऊल कापलं जातं. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत. नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं तिहेरी लांबलचक नाव घालून यादी बघा, ‘राम’ घालून नव्हे.

काकूंच्या फोनमध्ये अक्षराचा आकार सर्वात मोठा केलेला असतो. तुमच्या फोनवर तसा करून एकदा सगळे पडदे उघडा, बटणं पडद्याबाहेर जातील.

गावठी_यूएक्स

अनुस्वार, बरोबर. आणि काकूंचे हात दहा वाजता कणकेत असतात. फोन काउंटरवर, पडदा बंद. त्यांच्यासाठी ‘उघडून बघा’ हा पर्यायच नाही. १० वाजून ५ मिनिटांनी एक मेसेज, त्यात दोन आकडे, आणि तो वाचणारा पोऱ्या. काकूंची स्क्रीन प्रोटोटाइपमधून काढली तरी चालेल असं आता वाटतंय.

ताटवाटी

खूप आभार. प्रॉम्प्ट लिहून अ‍ॅप बनवून देणारी एआय साधनं वापरली तर अ‍ॅपशीट वगळता येईल का?

तीन_कॉलम

पडदे दाखवायला झकास. पण माहिती साठवणं सुरू केलंत की जपून. सुपाबेससारखा डेटाबेस मागे असेल तर रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणती ओळ दिसावी याचं कुलूप) प्रत्येक टेबलावर लावलेली आहे का, ते स्वतः तपासा. ती नसेल तर अ‍ॅपमधली उघडी किल्ली वापरून कोणीही सगळ्या मुलांचे नंबर वाचू शकतो. ज्याला हे तपासता येत नाही त्याने खोट्या नावांवरच थांबावं. अ‍ॅपशीटमधून मात्र कोड बाहेर काढता येत नाही, तो प्रोटोटाइप टाकून द्यायचा हे धरूनच करा. पुढे डेव्हलपर नेमलात तर त्याच्या हाती फिग्माची लिंक, महिनाभर भरलेली शीट आणि नियमांचं एक पान द्या. प्ले कन्सोल (प्ले स्टोअरचं डेव्हलपर खातं), फायरबेस, कोडचं रेपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) ही तिन्ही पहिल्या दिवसापासून तुमच्या ईमेलवर हवीत.

ताटवाटी

शेवटचं एक. रविवारी रात्री मेस बंद असते. त्या रात्रीचा खाडा कोणी टाकला तर?

तीन_कॉलम

तिसरी शीट करा, ‘बंद’: तारीख आणि जेवण. खाडा टाकताना ती जोडी ‘बंद’मध्ये असेल तर नोंद घ्यायचीच नाही. रविवारच्या रात्री, दिवाळी, गणपती विसर्जन सगळं त्यात.

पण मूळ प्रश्न याच्या पुढचा आहे: काकू महिना तारखेवर धरतात की ताटांवर? मुलगा ५ जूनला लागला, मुदत ४ जुलैला संपते, खाडे झाले ६. तारखेवर धरलं तर तीन दिवस वाढले, ७ जुलैला संपलं. त्या तिन्हींत रविवार आला तर रात्र बंद, म्हणजे पाचच ताटं मिळाली. ताटांवर धरलं तर सहावं ताट ८ जुलैच्या दुपारी. दोन्ही पद्धती चालतात, शीट मात्र वेगळी होते: पहिलीत ‘संपते तारीख’ पुढे सरकते, दुसरीत ‘उरलेली ताटं’ असा कॉलम लागतो. फिग्मा उघडण्याआधी काकूंना हे विचारून या, शक्यतो दुपारी तीननंतर.